पिल्लाची खरेदी: आधी डॉक्टर, मग दुकान

भांडुपच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘ताई, आमच्या मागच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातली एक तपकिरी मादी आम्ही घरी आणतोय. ती आता दोन महिन्यांची होईल. गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणारी एक मुलगी आहे, तिने पिल्लाला पहिली लस टोचून घेतली आहे. पुढच्या रविवारी पिल्लू घरी येईल. आम्ही चौथ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये चौघं राहतो, सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आठवीतल्या लेकीने मोबाइलवर खरेदीची यादी केलीय ती १९ हजारांवर गेली. पलंग, रेनकोट, बूट, पिंजरा, खेळणी, परफ्यूमसुद्धा! मिस्टर म्हणतात, रस्त्यावरचं कुत्रं आहे, एक दोरी आणि एक वाटी पुरे. माझ्याकडे दहा हजार आहेत. खरंच काय घ्यायचं? आणि सेक्रेटरींनी आत्ताच सांगून ठेवलंय की कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही. त्याचं काय करू?’

ताई, दहा हजारांत तुमचं व्यवस्थित भागेल. फक्त त्यातले पाच हजार आधी वेगळ्या पाकिटात घाला आणि त्यावर ‘डॉक्टर’ असं लिहून कपाटात ठेवा. उरलेल्या लसी, जंताचं औषध, गोचिडीचं औषध हे सगळं त्यातून होईल. पिल्लू सहा महिन्यांच्या आसपास आलं की नसबंदीचा विषय निघेल, त्यासाठीही दर महिन्याला थोडी भर घालत राहा. लेकीने यादी मन लावून केली असणार, तिला रागावू नका. पण त्या यादीतल्या बहुतेक वस्तूंवाचून पिल्लाचं काही अडत नाही. लस चुकली तर मात्र चार दिवसांत होत्याचं नव्हतं होतं.

म्हणून रविवारी त्या मुलीकडून पिल्लाबरोबर लसीचं कार्ड मागून घ्या. लसीच्या कुपीवरचं स्टिकर त्यावर चिकटवलेलं असतं आणि शेजारी तारीख. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेतो लसीचा जम बसत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एका टोचणीवर थांबून चालत नाही ते यासाठी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा एकत्रित लसीत लेप्टोची लस आहे ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा लेप्टो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांना होऊ शकतो. घरात ७२ वर्षांच्या आजी आहेत. ही टोचणी त्यांच्याहीसाठी आहे असं समजा.

लसी पूर्ण होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत तिला खाली जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलला तो दाद देत नाही. पण याचा अर्थ तिला घरात कोंडून ठेवायचं असाही नाही. तीन ते चौदा आठवड्यांचं वय हे कुत्र्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं वय. या दिवसांत जे आवाज, जी माणसं, जे वास तिच्या ओळखीचे होतील त्यांना ती मोठेपणी बिचकणार नाही. लेकीची एखादी जुनी कापडी शबनम असेल तर तळाला घडी घातलेला टॉवेल टाका, पिल्लाला त्यात बसवा आणि संध्याकाळी स्टेशन रोडला एक फेरी मारून आणा. रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्यांची आरोळी, काठी टेकत चालणारे आजोबा, रेनकोट घातलेला माणूस, सगळं तिला खांद्यावरून बघू द्या. दुकानातली कॅरी बॅग यासाठी घ्यायची गरज नाही, दोन महिन्यांत ती तिला लहान होते.

आता गळ्यातलं. बाकी खरेदीत काटकसर करा, इथे करू नका.

मिस्टरांची दोरी अजिबात नको. पिल्लू ओढ घेतं तेव्हा दोरी गळ्यात रुतते आणि धरणाऱ्याच्या हाताचं सालटं काढते. लोखंडी साखळीही नको. ती जड असते, पिल्लू ती चावतं आणि दात येण्याच्या वयात दुखवून घेतं. ओढल्यावर गळा आवळणारे चोक चेनचे पट्टे काही जण अजून सुचवतात. कोवळ्या श्वासनळीला त्याने इजा होते, त्यांचा सल्ला ऐकू नका. घरात घालायला एक हलका कापडी गळपट्टा आणि बाहेरसाठी छातीवर बसणारा हार्नेस, या दोन वस्तू घ्या. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लू भराभर वाढतं, म्हणून दर रविवारी बोटं घालून बघायचं काम लेकीकडे द्या. पट्टा विसरल्यामुळे मानेत रुतून जखम झालेली कुत्री दवाखान्यांत येतात, आणि ती वेदना पूर्णपणे टाळता येण्यासारखी असते.

हार्नेस घरी बसून मागवू नका. आपल्या देशी कुत्र्याची ठेवण वेगळी असते. छाती खोल, कंबर बारीक, डोकं निमुळतं. लॅब्रॅडॉरच्या मापाने शिवलेला हार्नेस तिच्या अंगावर छान दिसतो आणि ती घाबरून मागे सरली की डोक्यावरून सटकन निघतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजा, शक्य असेल तर पिल्लाला कडेवर घेऊनच दुकानात जा. घातल्यावर तिच्यासमोर उभं राहून पट्टा हळूच आपल्याकडे ओढा. हार्नेस कानांकडे सरकत असेल तर तो सैल आहे. काखेत पट्टा घासतोय का तेही बघा, तिथे दोन दिवसांत कातडी लाल होते. चारही बाजूंनी सैल-घट्ट करता येणारा घेतला तर पाच-सहा महिने तरी चालतो.

हातात धरायचा पट्टा साधा, कापडी, पाच-सहा फुटांचा. बटण दाबलं की लांबत जाणारा पट्टा दुकानदार हमखास दाखवतो. तो भांडुपच्या गल्लीत कामाचा नाही. समोरून बाइक येते, पिल्लू पंधरा फूट पुढे असतं आणि बटण दाबेपर्यंत वेळ गेलेली असते. पट्ट्याचा कापडी भाग कुणीही बघतो, तुम्ही टोकाचा हूक बघा. दाबून, सोडून, पाच-दहा वेळा. त्याची स्प्रिंग ढिली असेल तर तो ठेवून द्या, पट्टा कितीही सुंदर असला तरी.

आणि फोन नंबर. पितळी बिल्ल्यावर कोरून तो गळपट्ट्याला लावा किंवा कापडी गळपट्ट्यावरच भरून घ्या. सासूबाईंना टाका घालता येत असेल तर ठसठशीत आकड्यांत दोन नंबर त्यांच्याकडून भरून घ्या, एक तुमचा आणि एक मिस्टरांचा. हे मी इतकं लावून धरते त्याला कारण आहे. गणपतीत ढोल-ताशे सुरू होतील तेव्हा ती जेमतेम पाच महिन्यांची असेल आणि दिवाळीचे फटाके तिच्यासाठी पहिलेच असतील. दर दिवाळीला मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो फिरतात. त्यातली बरीचशी आवाजाला घाबरून पट्टा सोडवून पळालेली असतात. मानेवर नंबर असेल तर ज्याला सापडलं तो लगेच फोन करतो. त्या दिवसांत हातातला पट्टा गळपट्ट्याला आणि हार्नेसला, दोन्हीकडे अडकवा. दोन्हींना पुरेल असा दुहेरी हूकही मिळतो.

घरात काय लागेल? तुमच्याकडे त्यातलं बरंचसं आहे. पाण्याला आणि जेवणाला स्टीलची दोन भांडी. तुमच्या घरातली पसरट कटोरी आणि जड बुडाचं पातेलं चालेल. मिस्टरांची वाटी इथे अगदी योग्य आहे. प्लॅस्टिक नको, चावल्याने त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. झोपायला जुनी गोधडी, एक वापरात आणि एक धुण्यात. मुंबईच्या उकाड्यात ती बहुधा गोधडी सोडून मोरीच्या दारात गार फरशीवर झोपेल, म्हणून महागाच्या पलंगावर पैसे घालू नका. अंग पुसायला सुती पंचे ठेवा. फरच्या टॉवेलपेक्षा पंचा पाणी लवकर शोषतो आणि पावसाळ्यात वाळतोही लवकर.

पिंजऱ्याची गरज सध्या नाही. वन बीएचकेत तो अर्धी खोली खाईल. त्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी किंवा लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा, म्हणजे कढई गॅसवर असताना ती पायात येणार नाही आणि देवघर जपता येईल. बाल्कनी आणि खिडक्यांच्या ग्रिलकडे मात्र आजच बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाचं डोकं ज्या फटीतून जातं त्यातून अंगही जातं. चौथ्या मजल्यावर हा धोका पत्करू नका. कबुतरांसाठी बांधलेली नायलॉनची जाळी पिल्लाचं वजन पेलेल असं धरून चालू नका. दोन-अडीच फुटांपर्यंत तारेची जाळी ग्रिलला आतून आवळून बांधा. हा खर्च कुठल्याच यादीत नसतो, पण तो पहिला करायचा आहे.

फरशी पुसायच्या फिनेलबद्दल तुमच्या कामवाल्या ताईंशीही बोला. कुत्रं फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनेल पोटात गेलं तर ते विष आहे. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि वर स्वच्छ पाण्याचा एक हात फिरवा. शी-शू झाली तिथे पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं तर वास जातो आणि ती पुन्हा तिथेच बसत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या वरच्या खणात हलवा. सोसायटीत उंदरांचं औषध कुठे टाकतात ते वॉचमनला विचारून ठेवा. शी-शूसाठी आधी वर्तमानपत्र पुरतं, विकतचे पॅड नकोत. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच तिला उचलून कागदावर ठेवा. पुढे खाली न्यायला लागलात की तिची शी उचलायची जबाबदारी तुमची. महापालिकेच्या स्वच्छता उपविधींत तसं सांगितलेलं आहे आणि न उचलल्यास दंड होतो. वर्तमानपत्राचे कपटे खिशात असले तरी काम भागतं.

खाण्याचं. आतापर्यंत ती मुलगी जे घालत होती तेच पहिले काही दिवस घाला. घर बदललं, आई सुटली, त्यात जेवणही बदललं तर पोट बिघडतं. नवं अन्न आठवडाभरात थोडं थोडं वाढवत न्या. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालायची पद्धत आहे. प्रेमापोटीच घालतात, पण गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात आणि नुसत्या पोळीत वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं नसतात. पिल्लांसाठीचं तयार अन्न एक किलोचं घ्या, दहा किलोची गोणी नको, दमट हवेत ते खवट होतं. दुकानात गोणीतून सुटं मोजून देतात ते तर घेऊच नका, त्याची तारीख कळत नाही. पाकीट तसंच डब्यात ठेवा. उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन आणि भात वरून चालेल. शिजवलेलं हाड कधीही नाही, त्याच्या टोकदार फाका होतात. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगगम कुत्र्याला विषारी. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, हे सासूबाईंना सांगून ठेवा. तापाला क्रोसिनसुद्धा द्यायची नाही.

तापावरून आठवलं. डिजिटल थर्मामीटर तिच्यासाठी वेगळा घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून हात लावून ते आपल्याला कायम तापलेलंच वाटतं. थर्मामीटरवर १०३ च्या वर गेलं आणि ती जेवत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

आता गोचिडी. मुंबईच्या हवेत त्या बारा महिने असतात आणि पावसाळ्यात वाढतात. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरातही बस्तान मांडते. खाली उतरून भिंतीच्या भेगांत, पलंगाच्या सांध्यांत अंडी घालते. तिच्यातून येणारा गोचीड ताप कुत्र्याला आतून पोखरतो. ते मलूल होतं, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात. थेंब किंवा गोळी, जे काही घ्याल ते पिल्लाचं वजन आणि वय सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. मोठ्या कुत्र्याची मात्रा अर्धी करून घालू नका. गुरांसाठीचं गोचिडीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आहेत, पिल्लाचा त्यात जीव जाऊ शकतो. रोज रात्री लेकीला पाच मिनिटं द्या. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटांनी चाचपायचं. मसुराच्या डाळीएवढं काही लागलं की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं, चिरडायचं नाही. याच पाच मिनिटांत तिला पंजे आणि कान हाताळून घ्यायची सवय लागते, आणि पुढे नखं कापताना ती हात ओढून घेत नाही.

पावसाळ्यात ती बाहेर जायला लागेल तेव्हा बूट नकोत. आत पाणी राहतं आणि बोटांत बुरशी धरते. घरात शिरताना पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बेचक्यांपर्यंत पंच्याने कोरडे करा. रेनकोट ती पूर्ण वाढल्यावर बघू. देशी कुत्र्याचं आखूड केसांचं अंग दोनदा पुसलं की कोरडं होतं. पाणी साचलेल्या रस्त्यातून तिला चालवू नका, मग कितीही उशीर होवो.

आंघोळीला कुत्र्यांसाठीचा साधा शाम्पू, छोटी बाटली. महिन्यातून एकदा पुष्कळ. आपल्या शाम्पूने तिची कातडी कोरडी पडते, आणि अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक घालायची गरज नाही. परफ्यूम यादीतून काढा, कुत्र्याच्या नाकाला त्याचा त्रास होतो. केसांसाठी रबरी ब्रश घ्या आणि सासूबाईंच्या गादीवर केस येऊ नयेत म्हणून गॅलरीत रोज फिरवा. खेळणी दोनच. एक टणक रबराचं, तिच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं, आणि एक सुती दोरखंडाचं. दोरखंडाचे धागे सुटू लागले की फेकून द्या, पोटात गेले तर आतडी अडतात. दात येताना ओला कपडा पिळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि चावायला द्या. जुनी चप्पल देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक तिला कळत नाही.

जवळच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा आणि रात्री कोण बघतं तेही आत्ताच विचारून ठेवा. मोठं काही झालं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, १८८० च्या दशकापासून जनावरं बघतंय. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं आहे. भांडुपहून दोन्ही लांब पडतात, म्हणून जवळचा दवाखाना आधी.

राहिले सेक्रेटरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करूनही नाही. त्या सूचनांची प्रत काढा, रेबीजची लस झाली की महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा आणि दोन्ही कागद स्वतः सेक्रेटरींच्या हातात द्या. भांडायच्या स्वरात नको. लिफ्टमध्ये तिला हातभर पट्ट्यावर कोपऱ्यात उभी करू, कुणाला भीती वाटत असेल तर आम्ही पुढच्या फेरीला येऊ, असं आपणहून सांगा. बहुतेकांना एवढंच ऐकायचं असतं. परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, त्याची तारीख लसीच्या कार्डावरच लिहून ठेवा. नाव ठरलं नसेल तरी परवान्याच्या अर्जात ते भरावं लागतं, तेव्हा लेकीला तेवढं काम आजच सांगा.